वडशातल्या नाटक कंपनीचा इतिहास: हँडबिलांवर साल नाही, कसं ठरवायचं?

झाडीचा_वाचक
वडशाच्या (गडचिरोली जिल्ह्यातलं, झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांचं गाव) एका नाटक कंपनीचा इतिहास लिहायचा आहे. हँडबिलांचे गठ्ठे, बुकिंगच्या वह्या, प्रॉम्प्टरच्या संहिता मिळाल्या आहेत. हँडबिलावर वार-तारीख आहे, साल नाही. उदा. 'बुधवार, १४ जानेवारी, शंकरपटानिमित्त, जि. गडचिरोली' (शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत). साल कसं काढायचं? कागद घडीवर फाटताहेत, लॅमिनेशन करावं का?

पंचांगवाला
१४ जानेवारीला बुधवार १९७६, १९८१, १९८७, १९९८, २००४, २००९ आणि २०१५ साली होता. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरमधून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला, म्हणून पहिली दोन बाद. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, ती डिसेंबर २०२१ ला उठली. म्हणून २०१५ ही बहुधा नाही. उरली १९८७, १९९८, २००४, २००९. तिथी छापली असेल तर जुन्या पंचांगाशी ताडून पाहा. मात्र १९८७ आणि १९९८ मध्ये ११ वर्षांचं अंतर आहे, तेवढ्यात तिथी जेमतेम दोन दिवस सरकते. 'पौर्णिमेच्या आसपास' एवढ्या अंदाजावर साल ठरवाल तर हमखास फसाल. वार आणि नेमकी तिथी दोन्ही जुळली पाहिजेत.

खिळे_जुळारी
जिल्ह्याचा पुरावा एकाच बाजूनं पक्का आहे, हे ध्यानात ठेवा. 'जि. गडचिरोली' म्हणजे १९८२ नंतरचंच. पण 'जि. चंद्रपूर' म्हणजे आधीचंच, असं नाही. छापखान्यात पत्त्याचा जुना ठोकळा पुढंही चालत राहू शकतो. कागदाच्या मागून बोट फिरवा. अक्षरांचा दाब लागला तर छपाई खिळ्यांची (धातूची सुटी अक्षरं जुळवून केलेली), गुळगुळीत असेल तर ऑफसेटची. तळाची मुद्रकाची ओळ स्कॅन करताना कापू नका, एकाच छापखान्याचे कागद त्यावरूनच एकत्र लावता येतात.

मंडईकर
हँडबिल म्हणजे प्रयोग झाल्याचा पुरावा नव्हे, फक्त ठरल्याचा. कंपनी वडशाची, आयोजक मंडळ गावचं आणि तिकीटविक्री मंडळाची, म्हणून दोन्ही नावं वेगळ्या रकान्यांत लिहा. प्रयोग झाला की नाही ते बुकिंगच्या वहीत पाहा: विसार (आगाऊ रक्कम) जमा, मग उरलेली रक्कम जमा. दुसरी नोंद नसेल तर 'ठरला होता' एवढंच लिहा. संहितेवर परिनिरीक्षण मंडळाचा (प्रयोगाआधी संहिता तपासणारं सरकारी मंडळ) शिक्का असेल तर त्याची तारीख टिपा; निदान त्या तारखेपर्यंत नाटक त्या रूपात लिहून झालं होतं, एवढं त्यावरून कळतं. प्रॉम्प्टरनं पेन्सिलीनं खोडलेले प्रवेश मात्र जपा. रात्रभराचं नाटक कुठं आवळलं ते तिथंच दिसतं, आणि मला तर साऱ्या गठ्ठ्यात तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

कागदजपणारा
लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेनं चिकटलेलं प्लॅस्टिक परत निघत नाही, आत कागद ठिसूळ होतच राहतो. सेलोटेपही नको, त्याचा डिंक तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. गंजलेल्या पिना मागून पाय सरळ करून काढा, ओढू नका. घडी लगेच उघडू नका; पावसाळी दमट हवेत कागद थोडा मऊ पडतो तेव्हा हळूच उघडा, दोन कोऱ्या कागदांत ठेवून वर पुस्तकं रचा. दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करा, शेजारी पट्टी ठेवा. कडुनिंबाचा पाला थेट कागदावर ठेवला तर डाग पडतो, कापडी पुरचुंडीत ठेवा. पेटी जमिनीपासून वीतभर वर, भिंतीला न टेकवता, नाहीतर वाळवी तिथूनच चढते.