टीमला सामावून घेतलं की बढती मिळते का? मला मिळाली

लोअरपरळकर:
गेल्या वर्षी अप्रेजलला साहेब म्हणाले, "काम चोख आहे, पण वरच्या ग्रेडसाठी इन्क्लुझिव्ह लीडरशिप दिसायला हवी." मनात म्हटलं, आला आणखी एक शब्द, म्हणे सगळ्यांना सामावून घेऊन टीम चालवा. एचआरच्या ट्रेनिंगमध्ये तर मी डुलक्याच काढल्या.

मग एक दिवस सहज पाहिलं. आमची रोजची मीटिंग साडेनऊला. ऑफिस लोअर परळला, मी दादरला राहतो, दोन स्टेशनं, त्यामुळे मला ती वेळ सोयीची. आमची टेस्टर बदलापूरहून येते. दादरला पूल ओलांडून स्लो पकडायची आणि पावणेदहाला धापा टाकत टेकायची. तोवर निर्णय झालेले असायचे. मीटिंग अकराला नेली. तिसऱ्या आठवड्यात तिनं पेमेंटच्या स्क्रीनमधली एक चूक दाखवली. तिला ती सहा महिन्यांपासून दिसत होती, कोणी विचारलंच नव्हतं.

आणखी एक, माझं मत मी शेवटी सांगायला लागलो. आधी मी तोंड उघडलं की सगळे "येस येस" करून मोकळे. आणि मीटिंगची टिपणं पाळीपाळीनं. पूर्वी ते काम न सांगताच एकाच मुलीच्या गळ्यात पडायचं.

एप्रिलमध्ये बढती झाली. नव्यानं लीड झालेल्यांनी हे जरूर करावं, करिअरला उपयोग होतो. मतं?

खवचट_खारकर:
चूक तिनं शोधली, ग्रेड तुमची वाढली. तिला काय मिळालं?

लोअरपरळकर:
दोन हजारांचं व्हाउचर आणि सगळ्यांसमोर टाळ्या.

खवचट_खारकर:
आणि तुमच्या बढतीच्या फॉर्मात तिचं नाव होतं?

लोअरपरळकर:
"टीमच्या सहकार्यानं" असं लिहिलं होतं.

ठाण्याची_ठमी:
खारकर बोचरं बोलले, पण नेमकं बोलले. हे सगळं मी सात वर्षं केलं. वेळा सांभाळल्या, नव्या पोरांना बोलतं केलं, भांडणं मिटवली. माझ्या रिव्ह्यूत काय आलं? "टीमची आई आहे." आईला कुठे बढती देतात? पुरुषानं केलं की ती लीडरशिप, बाईनं केलं की स्वभाव.

हे माझं रडगाणं नाही. २०१७ साली अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नलमध्ये डेव्हिड हेकमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. अमेरिकेतल्या ज्या बायका आणि गोरे नसलेले अधिकारी वैविध्याला उघडपणे महत्त्व देतात, त्यांना वरिष्ठ कमी गुण देतात. गोऱ्या पुरुषांना तो फटका बसत नाही. तिकडचं जसंच्या तसं इकडे लावू नये, मान्य. पण "उपयोग होतो" म्हणताना कुणाला, ते सांगा.

बँकेतला_जुना:
मंडळी, मॅनेजरच्या चांगुलपणावर सोडू नका. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं बंधनकारक केली, आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी १० जणांच्या ऑफिसातही अंतर्गत समिती हवी, तो कायदा २०१३ चा. तुमच्या काचेच्या टॉवरमध्ये पाळणाघर कुठल्या मजल्यावर आहे हो?

लोअरपरळकर:
काका, शेजारच्या बिल्डिंगमधल्या पाळणाघराशी टायअप आहे म्हणतात. खरं सांगू, बघितलं नाही कधी.

बोरिवली_स्लो:
काका, कायदा रॅम्प बांधून देईल, मीटिंगमध्ये कोण बोलेल हे नाही ठरवणार. आमच्याकडे एकाला कमी ऐकू येतं. कंपनीनं कॅप्शनचं सॉफ्टवेअर दिलं, कागदोपत्री काम झालं. पण आपण बोलतो कसं? अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी, मध्येच "अरे तो बिल्ड टाक ना". कॅप्शनमध्ये नुसता गोंधळ उमटतो. आमच्या लीडनं दोन नियम केले: एका वेळी एकच जण बोलणार, आणि ठरलेलं दोन ओळींत चॅटवर टाकायचं. पैसा खर्च झाला नाही. शिवाय घरून काम करणाऱ्या, नेट अडखळणाऱ्या आम्हा सगळ्यांची सोय झाली. म्हणून या बाबतीत मी धागाकर्त्याच्या बाजूनं.

आडनाव_नको:
लोकल आली, बाई आली, भाषा आली, कान आले. जात कुणी काढली नाही. आमच्या ट्रेनिंगमध्येही तिची एक स्लाइड नव्हती. पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये एकानं "पूर्ण नाव काय?" विचारलं. सांगितलं. मग "गाव कुठलं?" आणि मग "कॉलेजला अ‍ॅडमिशन कशी मिळाली?" बढतीच्या गप्पा शुक्रवारी संध्याकाळी ज्या टेबलावर होतात, तिथे मला दोन वर्षांत एकदाही बोलावलं नाही.

दादर_मधला:
ऑफिसात जात कशाला आणता? तिथे काम बघतात.

आडनाव_नको:
मी नाही आणली. कँटीनमध्ये आधीच बसली होती, डबा उघडून.

ठाण्याची_ठमी:
त्या शुक्रवारच्या टेबलाबद्दल शंभर टक्के. कल्याण-विरारच्या बायका सातची गाडी गाठायला निघतात, आणि खरी मीटिंग साडेसातला सुरू होते, ग्लासांसोबत. लोअरपरळकर, तुम्ही अकराची मीटिंग दुरुस्त केलीत. साडेसातच्या मीटिंगचं काय?

लोअरपरळकर:
दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण त्या टेबलावर मी असतो. गेल्या शुक्रवारीच नव्या प्रोजेक्टचा लीड कोण, ते तिथे बोलता बोलता ठरलं. नाव माझंच होतं.

सोमवारी साहेबांना म्हटलं, ते नाव मागे घ्या आणि प्रोजेक्टसाठी सगळ्यांकडून अर्ज मागवा. ते म्हणाले, "आता कशाला वाढवतोस?" अजून होकार नाही. टेस्टरच्या बढतीची शिफारस मात्र नावानिशी लिहिली आहे, तिनं ती चूक दाखवली त्या तारखेसकट. बढतीचा उपयोग एवढाच झाला की शिफारस करायचा अधिकार आला.

खवचट_खारकर:
इथे सांगितलंत, तिला दाखवलीत का?

लोअरपरळकर:
उद्या दाखवतो. आज मेगाब्लॉक, ती घरी आहे.