फियाटच्या कार्बोरेटरला बाजारातलं किट: टाकावं की नाही? माझं मत, टाकावं, आणि घरीच टाकावं

अमळनेरी_फियाट

आमच्याकडे 1989 ची पद्मिनी आहे. गावात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही, सगळ्यांसाठी ती फियाटच. मागच्या हिवाळ्यात पारोळ्याकडे भरीत पार्टीला निघालो तर गाडीने रस्ताभर रडवलं. एक्सलेटर दाबला की आधी दम खायची, गचका द्यायची, मग पळायची. गतिरोधकावर पाय काढला की बंद. वांगी भाजून थंड झाली तेव्हा आम्ही पोचलो.

मेकॅनिकने बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला: "कार्बोरेटर संपला, नवा टाका." कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. नवा, म्हणजे कुठलातरी कॉपी माल, चार हजारांच्या घरात. मी साडेचारशेचं किट, म्हणजे त्याच्या बदलायच्या सुट्या भागांचं पाकीट, आणलं आणि रविवारी ओट्यावर पेपर पसरून सोलेक्स (माझ्या कार्बोरेटरची कंपनी) उघडला. सुटे भाग ठेवायला घरातलं स्टीलचं ताट घेतलं, त्यावरून आईची बोलणी खाल्ली, ती वेगळी.

दोष लगेच सापडला. एक्सलेटर पंपाचा डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, पापडासारखा कडक झालेला, कडेला बारीक चीर. पाय दाबला की पेट्रोलची जी जादा पिचकारी उडायला हवी ती उडतच नव्हती. दम खायचं कारण तेच. डायफ्राम, नीडल वॉल्व्ह आणि पॅकिंग बदलली, जेट (ज्यांच्या बारीक भोकातून पेट्रोल मोजून जातं ते पितळी तुकडे) पेट्रोलने धुवून हवा मारली. गाडी आता चाबकासारखी उठते.

जुनी बॉडी टिकाऊ असते, खराब होतं ते रबर. मग अख्खा कार्बोरेटर भंगारात का घालायचा? मला तर वाटतं, मेकॅनिक लोकांना किट टाकायचा कंटाळा येतो, कारण अर्धा दिवस जातो आणि मजुरी मिळते दोन तासांची.

देवपूर_गॅरेज

धुळ्यात माझं गॅरेज आहे, फियाट आणि अॅम्बेसेडरवर हात बसलाय. कंटाळा नाही भाऊ, तोंड पोळलंय.

एक प्रसंग सांगतो. किट टाकलं, गाडी चालू झाली, पण आयडलिंगच, म्हणजे एक्सलेटर न दाबता संथ चालणंच, धरेना. स्क्रू फिरवून फिरवून बोटं दुखली. दोनदा उघडला, जेट साफ. तिसऱ्यांदा जुनी फाटकी पॅकिंग कचऱ्यातून काढून नव्या पॅकिंगवर ठेवली आणि उजेडात धरली. जुनीत एक भोक जास्त! ज्वारीच्या दाण्याएवढंही नसेल. नव्या पॅकिंगवर त्या जागी डायचा, म्हणजे भोकं पाडायच्या साच्याचा, नुसता ठसा उमटलेला, कागद सुटलेलाच नव्हता. आयडलचा रस्ताच बंद. गिऱ्हाईक मात्र दिवसभर माझ्याकडे चोरासारखं बघत होतं.

जेटचं तर बोलूच नका. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 130 लिहिलं तर 1.30 मिमी. किटातल्या जेटवर 130 असतं, पण जुन्या जेटमध्ये जी सुई अडते ती नव्यातून आरपार जाते.

आणि खरी झीज तुमच्या किटात कुठे भरून निघते? तीस-पस्तीस वर्षं एक्सलेटरचा स्पिंडल, म्हणजे हवेची झडप फिरवणारा दांडा, त्याच भोकात फिरतोय. स्पिंडल स्टीलचा, बॉडी मऊ धातूची. भोक लांबट होतं, तिथून हवा ओढली जाते. मग गाडी बंद पडू नये म्हणून मिक्श्चर स्क्रू ढिला करायचा, पेट्रोल वाढवायचं, आणि पीयूसीला गेलं की कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांच्या वर. किट म्हणजे रबर आणि कागद. त्याने पिकअप सुधारला, ठीक आहे. कार्बोरेटर नवा झाला असं समजू नका.

चोपडा_भाऊ

बरोबर शे भो. मी दोनदा किट टाकी बसनू, गाडी जशीनी तशी. आते सासरवाडीले बसनी जास.

अमळनेरी_फियाट

देवपूरदादा, किटातले जेट मी वापरलेच नाहीत. जुने पितळी जेट धुवून परत बसवले, ते तर मूळचे आहेत. पॅकिंगही बसवण्याआधी जुनीवर ठेवून पाहिली होती. तुमचा राग चुकीच्या डायवर आहे, तो किट नावाच्या सगळ्या वस्तूंवर का काढता? बाजारात आंबा सडका निघाला म्हणून आपण आमरस सोडतो का?

आणि तुम्ही जो "नवा टाका" म्हणता, तो नवा कोण बनवतो? ज्याला कागदाला भोक नीट पाडता येत नाही, तोच. त्याने ओतलेली अख्खी बॉडी मी विकत घ्यायची?

देवपूर_गॅरेज

नवा टाका असं मी कुठे म्हटलं? ते तुमच्या मेकॅनिकने म्हटलं. माझं म्हणणं, जुनाच ठेवा, पण लेथवर स्पिंडलला बुश मारून घ्या, म्हणजे झिजलेल्या भोकात नवं कडं बसवून घ्या. बुडाची बाजू आरशाच्या काचेवर झिरो नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करा. नट आवळून आवळून ती वाकलेली असते. हे केलं की काम झालं.

भुसावळ_४६_अंश

तुम्ही दोघं 1989 च्या पेट्रोलवर भांडताय. टाकीत काय भरताय ते बघा.

2023 च्या फेब्रुवारीत 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, आता पंपावर तेच मिळतं. साध्या पेट्रोलला एका किलोमागे सुमारे 14.7 किलो हवा लागते, निव्वळ इथेनॉलला फक्त 9. वीस टक्के मिसळलं की हिशोब साडेतेराच्या आसपास येतो. कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही, त्याला सेन्सर नाही. जेट तोच, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पेट्रोल आठेक टक्के जास्त लागतं, म्हणजे जेटचा व्यास चारेक टक्के वाढवायचा. 130 च्या जागी 135.

दुसरं म्हणजे रबर. जुन्या पद्धतीचं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मग कडक होतं. अमळनेरकर, तुमचा नवा डायफ्राम कुठल्या रबराचा आहे हे पाकिटावर लिहिलंय का? नसेल तर पुढच्या हिवाळ्यात परत ताट काढा. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीचा फ्लोटचा कप उघडा, तळाला पांढरी भुकटी दिसेल. ती बॉडीच खाल्ली जातेय.

आणि आमच्या भुसावळचा मे! गाडी बंद करून दुकानात गेलो की इंजिनाच्या धगीने कपातलं पेट्रोल उकळून खाली गळतं, मग अर्धा तास स्टार्टर रडतो. कार्बोरेटरखालची बेकेलाइटची जाड पॅकिंग कुणीतरी काढून तिथे साधा कागद घातलेला असतो. ती आहे का ते आधी बघा, किटाचं नंतर.

देवपूर_गॅरेज

उष्णतेचं शंभर टक्के मान्य. मेमध्ये पेट्रोलपंपावर, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या छोट्या पंपावर, ओलं फडकं गुंडाळूनच मी सोडतो गाड्या.

पण 135 चं गणित सगळ्यांना सांगू नका. लोक ते वाचतील आणि जेटमध्ये ड्रिल घालतील. एकदा मोठं झालेलं भोक लहान होत नाही. आधी स्पार्क प्लग काढून बघा. चहाच्या रंगाचा असेल तर काही करू नका, पांढराफटक असेल तर लीन, काळा असेल तर पेट्रोल जास्त. खानदेशातल्या निम्म्या फियाट आधीच काळा प्लग घेऊन फिरतायत, त्यांना तुमचं इथेनॉल उलट मानवलंय!

चाळीसगाव_एमपीएफआय

एवढं डोकं लावण्यापेक्षा 2005 ची एमपीएफआय मारुती घ्या, तिला कार्बोरेटरच नाही. कन्नडचा घाट एका दमात चढते, ताट आईकडे राहतं.

अमळनेरी_फियाट

चाळीसगावकर, स्टिअरिंगवरचा गिअर टाकत घाट चढून बघा, मग बोलू.

भुसावळकर, पाकिटावर रबराचं काही लिहिलेलं नाही. हे मला खरंच सुचलं नव्हतं. आज तसलाच दुसरा डायफ्राम विकत आणलाय, तो पेट्रोलच्या बरणीत महिनाभर बुडवून ठेवतो. फुगला तर इथेच सांगेन.

देवपूरदादा, काल संध्याकाळी गाडी आयडलला ठेवली. स्पिंडलच्या दोन्ही टोकांना इंजिन ऑइलचे दोन-दोन थेंब सोडले. थरथरणारं इंजिन एकदम सरळ वाजायला लागलं. पाचेक सेकंद. मग ऑइल आत ओढलं गेलं, सायलेन्सरमधून निळा धूर आला आणि थरथर परत सुरू. म्हणजे हवा तिथून जाते, हे कबूल. बोटाने हलवलं तर स्पिंडल वर-खाली हलतोय, इतके दिवस मला तो एक्सलेटरच्या तारेचा ढिलेपणा वाटत होता.

पण यावरून किट वाया गेलं, हे मी मानणार नाही. दम खाणं डायफ्रामनेच गेलं. बुश मारला असता आणि फाटका डायफ्राम तसाच ठेवला असता तर भरीत थंडच झालं असतं.

देवपूर_गॅरेज

सोमवारी कार्बोरेटर काढून घेऊन या, आमचा लेथवाला दुपारपर्यंत बुश मारून देतो. फ्लोटही आणा, पितळी असेल तर गरम पाण्यात बुडवून बघू, बुडबुडे आले की तो गळका. कुणी त्याला डाख दिला असेल तर वजन वाढून पेट्रोलची लेव्हल चढलेली असणार. किटातली पॅकिंग घरी ठेवा, मी शीटमधून कापतो, सगळी भोकं मोजून.

अमळनेरी_फियाट

येतो. डायफ्राम मात्र माझ्याच किटातला राहील.