हिवाळ्यातला कामाचा दिवस : कोल्हापूरकरांचे अनुभव

डिसेंबरच्या अखेरीस कोल्हापुरातला दिवस जेमतेम अकरा तासांचा उरतो. जूनमध्ये तोच तेरा तासांचा असतो. कचेरीची वेळ, शाळेची घंटा आणि कारखान्याचा भोंगा यांपैकी कोणीही या कमी झालेल्या दोन तासांची दखल घेत नाही. जानेवारीच्या मध्याला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास मावळतो. गंमत अशी की, व्यायामाचे संकल्प याच दिवसांत होतात, सौंदत्तीच्या रेणुकादेवीची यात्रा, संक्रांत, लग्नसराई आणि मुलांची स्नेहसंमेलने याच दिवसांत येतात, आणि शिवारातला ऊसही याच दिवसांत तोडणीला येतो. उजेड सर्वांत कमी आणि बेत सर्वांत जास्त, असा हा काळ आहे.

म्हणूनच हा धागा सुरू करत आहे. आपला हिवाळ्यातला एखादा साधा कामाचा दिवस कसा जातो, व्यायाम कधी होतो, बाजारहाट कोण करते आणि घरच्यांचे बेत त्यात कुठे बसतात, हे सविस्तर लिहावे. पन्हाळ्यावरच्या धुक्याचे वर्णन मात्र कृपया नको. सुट्टीच्या दिवशी ते आपण सगळेच करतो. सुरुवात म्हणून माझ्याविषयी इतकेच सांगतो की, मी बँकेत काम करतो, राजारामपुरीत राहतो आणि पहाटे शिवाजी विद्यापीठाच्या आवारात चालायला जातो. उन्हाळ्यात मोर दिसतात, हिवाळ्यात अंधारामुळे फक्त ऐकू येतात. परतताना दूध आणि ब्रेड घेणे, मुलीला शाळेच्या रिक्षात बसवणे आणि दहाच्या आत शाखेत पोहोचणे एवढाच माझा क्रम आहे. तो हिवाळ्यात अर्ध्या तासाने कोलमडतो, कारण मुलगी पांघरुणातून बाहेर पडत नाही.

गोकुळ शिरगाव येथील फाउंड्रीतील गुणवत्ता तपासनीस

माझी पहिली पाळी सकाळी सातला सुरू होते, म्हणजे हिवाळ्यात मी सूर्याच्या आधी कामावर असतो. पुणे-बंगळूर महामार्गाने दुचाकीवर जाताना खरी काळजी थंडीची नसते, ती उसाच्या ट्रॅक्टरची असते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, उसाची मोळी बाजूने हातभर बाहेर आलेली असते आणि मागे लाल दिवा किंवा चमकणारी पट्टी असेलच असे नाही. धुके असले की ट्रॉली नजरेला पडते तेव्हा ती अगदी पुढ्यात आलेली असते. त्यामुळे हंगाम सुरू झाला की मी घरातून वीस मिनिटे आधी निघतो आणि वेग चाळीसच्या वर जाऊ देत नाही. घरी आईची एकच सूचना असते, "मफलर विसरलास तर चालेल, हेल्मेट विसरू नकोस."

फाउंड्रीत मात्र हिवाळा हाच सुखाचा ऋतू आहे. वितळलेले बीड साच्यात ओतताना 1300 अंशांच्या वर असते. मे महिन्यात त्या भट्टीजवळ उभे राहणे ही शिक्षा असते, तर जानेवारीत माणसे काही ना काही निमित्त काढून तिकडे येतात. तीन-साडेतीनला पाळी सुटते. उन्हाळ्यात त्या वेळी अंगात त्राण नसते, हिवाळ्यात असते, म्हणून माझा व्यायाम सायंकाळचा आहे. साडेचारला व्यायामशाळा गाठतो, कारण सहानंतर तिथे डंबेल्ससाठीही रांग लागते. त्यानंतर गॅसचा नंबर लावणे, वीजबिल भरणे, आण्णांची औषधे आणणे ही कामे अंधार पडण्याआधी उरकतात. माझ्या मते पहिली पाळी हे नोकरदाराला मिळालेले वरदान आहे, फक्त रात्री दहाला झोपण्याची तयारी हवी.

शाहूपुरीतील डॉक्टर

पहाटे चालायला जाण्याविषयी वाचून एक सावधगिरीची गोष्ट लिहाविशी वाटते. थंडीत त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. त्यातच हृदयविकाराचे झटके पहाटे ते सकाळच्या वेळेत अधिक येतात, हे वैद्यकशास्त्रात मान्य झालेले आहे. साठी ओलांडलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीने पाचच्या अंधारात रंकाळ्याला भरभर चालण्यात मला काहीही शहाणपण दिसत नाही. साडेसात-आठला ऊन आल्यावर चालावे, पहिली दहा मिनिटे सावकाश चालावे, आणि कानटोपी घालण्यास लाजू नये.

दुसरी बाब धुराची. थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते, त्यामुळे धूर वर न जाता खालीच साचतो. पहाटे नदीकाठाला जे पांढरे दिसते, त्यात पाचट जाळल्याचा आणि रस्त्याकडेच्या शेकोट्यांचा धूरही असतो. दमेकऱ्यांनी ते धुके समजून छाती भरून घेऊ नये. माझा स्वतःचा दिवस मात्र सांगण्याजोगा नाही. हिवाळ्यात सर्दी-खोकल्याच्या रुग्णांमुळे दवाखाना रात्री साडेनऊपर्यंत चालतो आणि माझे चालणे दुपारी, गच्चीवर, जेवणाआधी होते.

शिवाजी पेठेतील लिपिक, पूर्वीचा पैलवान

डॉक्टरसाहेबांचे म्हणणे वयस्करांसाठी योग्यच आहे, परंतु तालमीचे वेळापत्रक सूर्यावर चालत नाही. आमच्याकडे आजही पोरे पहाटे चारला उठतात. हिवाळा हा मेहनतीचा काळ मानला जातो, कारण या दिवसांत भूक लागते, खाल्लेले पचते आणि खुराक अंगाला लागतो. मी नोकरीला लागल्यापासून कुस्ती धरत नाही. पण साडेपाचला तालमीत जातो, जोर-बैठका मारतो आणि लहान मुलांना आखाडा उकरायला मदत करतो. थंडीत आखाड्याची लाल माती बर्फासारखी गार असते. ती खोऱ्याने उकरून, ढेकळे हाताने फोडून, सारखी करीपर्यंतच अंगाला घाम येतो, आणि तो आल्याशिवाय वस्ताद कोणाला लढतीला उभे करत नाहीत. आखडलेल्या स्नायूंवर डाव टाकला की खांदा निखळतो, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे.

तालमीतून परत येताना गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर थांबतो. तिथे म्हैस समोर उभी असते, गवळी आपल्यासमोर धार काढतो आणि फेसाळलेले दूध ग्लासात देतो. घरचे दूधही तिथूनच नेतो. किटली हातात घेतल्यावर बोटांना जी ऊब लागते, तिच्यासाठी माझा मुलगा कधी नव्हे तो लवकर उठून माझ्याबरोबर येतो. त्याला कुस्तीत रस नाही, त्याला फुटबॉल हवा आहे. हिवाळ्यात शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने रंगतात आणि सामन्याच्या दिवशी आमच्या कार्यालयातील अर्ध्या खुर्च्या दुपारनंतर कोणत्या ना कोणत्या "बाहेरच्या कामासाठी" रिकाम्या होतात. मीही अर्ध्या दिवसाची रजा टाकतो. निदान ती कागदावर तरी असते.

रंकाळा परिसरातील शिक्षिका

घरातल्या बायकांचा व्यायाम या विषयावर कोणी लिहिलेच नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे नळाला पाणी पहाटे येते. पाणी भरणे, बंब पेटवणे, दोन डबे करणे यांत सात वाजतात आणि माझी शाळा साडेदहाची असल्यामुळे सात ते आठ हा तास माझा असतो. त्या तासात मी रंकाळ्याकाठी संध्यामठापासून पुढे चालत जाते. सोबत शेजारच्या दोन वहिनी असतात. आमचे चालणे कितपत वेगाने होते हा प्रश्न बाजूला ठेवावा. परंतु आठवड्याच्या सगळ्या खरेदीचे नियोजन तिथेच होते, हे खरे आहे. गव्हाचा भाव लक्ष्मीपुरीत काय आहे, कोणाकडे पापड लाटायला बाई येते, कोणाच्या मुलीला पाहायला कधी येणार आहेत, हे सगळे एका फेरीत कळते.

मार्गशीर्षात आमच्या घरी मोठा बेत असतो तो आंबील यात्रेचा. सौंदत्तीला गेलेले भाविक परतले की काही दिवसांनी ओढ्यावरच्या रेणुका मंदिरात ही यात्रा भरते. ती रविवार पाहून येत नाही. सासूबाई आदल्या दिवशीच यादी सांगतात : वरण्याच्या शेंगा, वांगी, मेथी, गाजरे, कांद्याची पात, लिंबे. शाळा सुटल्यावर मी कपिलतीर्थ मंडईत जाते. वरण्याची शेंग कोवळी हवी, दाणा भरलेला हवा. पण साल निबर नको. म्हणून प्रत्येक शेंग उजेडाकडे धरून पाहावी लागते आणि सहानंतर तो उजेड नसतो. दिव्याखाली सगळ्याच शेंगा कोवळ्या दिसतात. त्यामुळे त्या दिवशी मी कोणाशी न बोलता शाळेच्या फाटकातून थेट रिक्षा पकडते.

यात्रेच्या दिवशी पहाटे चारपासून स्वयंपाक सुरू होतो. ज्वारीच्या पिठाची आंबील शिजवून निवू द्यायची, मग त्यात ताक घालायचे. गरम असताना घातले तर ते फाटते. भाकरी, वडी, मेथीची भाजी, वरण्या-वांग्याची भाजी, दहीभात असा नैवेद्य बुट्टीत भरून सासूबाई आणि जाऊबाई दहाच्या सुमारास निघतात. मी शाळेत जाते. दुपारच्या सुट्टीत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मंदिराकडे जाते, दर्शन घेते आणि मैदानात पसरलेल्या आमच्या पटकुरावर बसून जेवते. आजूबाजूला शेकडो कुटुंबे तशीच बसलेली असतात आणि ओळख नसलेली बाईसुद्धा ताटात वडी वाढून जाते. दोनच्या तासाला मी परत वर्गात असते. त्या दिवशी चालायला जाणे होत नाही आणि त्याची खंतही वाटत नाही.

एका शासकीय कार्यालयातील कर्मचारी

हिवाळ्यात कार्यालयातून वेळेवर निघण्याची माझी एकमेव ठाम तारीख म्हणजे किरणोत्सवाची. अंबाबाईच्या मंदिरात मावळतीची किरणे नोव्हेंबरमध्ये 9, 10 आणि 11 या तारखांना, आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारी या दिवसांत महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी ती देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपासून छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचावीत, अशी मंदिराची रचना आहे. मंदिर पश्चिमाभिमुख असल्यामुळेच हे घडते. ढग, धूळ किंवा किरणांच्या वाटेत उभे राहिलेले एखादे बांधकाम यांपैकी काहीही आड आले की किरणे वाटेतच थांबतात, म्हणून यशाची खात्री कोणीच देत नाही.

आमची सुट्टी सव्वासहाला होते आणि जानेवारी-फेब्रुवारीत किरणे गाभाऱ्यात पोहोचतात तीही त्याच सुमारास. म्हणून मी साहेबांना चार दिवस आधी अर्ज देते, दुपारचे जेवण टेबलावरच घेऊन फाइली हातावेगळ्या करते आणि पाचला बाहेर पडते. बिंदू चौकात दुचाकी लावून पुढे पायी जाते, कारण महाद्वार रोडवर गाडी नेणे म्हणजे वेळ घालवणे आहे. आई आणि माझा भाचा आधीच आवारात येऊन बसलेले असतात. मंदिरातील दिवे बंद केले जातात, आणि पावणेसहानंतर फरशीवरची सोनेरी पट्टी चौकाचौकाने पुढे सरकू लागते. भाचा विज्ञानाचा विद्यार्थी असल्यामुळे तो घड्याळ लावून प्रत्येक उंबऱ्याची वेळ वहीत टिपतो. आई त्याला दर वर्षी म्हणते, "अरे, हात जोड आधी." तो एका हाताने लिहितो आणि दुसरा हात छातीशी धरतो. त्यानंतर गुजरीतून चालत येताना कोपऱ्यावर भेळ खाणे हे ठरलेले असते. ज्यांना विचारायचे असेल त्यांच्यासाठी सांगते, त्या दिवशीचा माझा व्यायाम म्हणजे हाच पायी प्रवास.

वडणगे परिसरातील शेतकरी, शहरात नोकरीस

वर महामार्गावरच्या ट्रॉल्यांविषयी लिहिले आहे, ते मान्य आहे. मात्र त्या ट्रॉलीच्या दुसऱ्या टोकाला आमच्यासारखे लोक वाट पाहत असतात. माझी नोकरी शहरात सकाळी दहा ते सहा अशी आहे आणि दीड एकर ऊस आहे. शेतीपंपाची वीज आलटून पालटून दिवसा आणि रात्री येते. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असते, त्या आठवड्यात मी मध्यरात्री उठून मोटार सुरू करतो आणि गार पाण्यात उभा राहून दारे धरतो, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवतो. खांद्यावर खोरे, हातात बॅटरी आणि गुडघ्यापर्यंत चिखल अशा स्थितीत दोन-तीन तास गेल्यावर वेगळ्या व्यायामाची गरज भासत नाही. पहाटे घरी येऊन दोन तास झोपतो. डोळे चुरचुरतात, पण दहाला हजेरी लागते.

आमचे सगळे घरगुती बेत ऊसतोड टोळीच्या हाती असतात. कारखान्याची तोडणीची पाळी आली, तरी टोळी त्याच दिवशी येईल असे नाही, आणि आली की त्या दिवशी मी रजा घेऊन फडात हजर असावे लागते. ट्रॅक्टर बांधापर्यंत येण्यासाठी शेजाऱ्याच्या रानातून वाट मागावी लागते, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, कोणी न्यायचे ते ठरवावे लागते आणि ऊस तुटल्यावर वजनाची पावती सांभाळून ठेवावी लागते. वेळेत तोड मिळाली नाही तर उसाला तुरे येतात, वजन घटते आणि खोडव्याचाही, म्हणजे तोडलेल्या बुंध्यांपासून फुटणाऱ्या पुढच्या पिकाचाही, हंगाम मागे पडतो. अशा वेळी घरी कोणी सहलीचा विषय काढला की मी उत्तर देत नाही.

यंदा सौभाग्यवतींनी नृसिंहवाडीचा बेत धरला आहे. देवदर्शन झाल्यावर बासुंदी, कवठाची बर्फी आणि येताना कृष्णाकाठची वांगी, एवढे ठरलेले आहे. ठरायची आहे ती फक्त तारीख. मुकादमाशी काल बोलणे झाले. गुरुवारपर्यंत फड लागला तर रविवारी सकाळी सहाला निघायचे. नाही लागला, तर ती माहेरच्यांच्या गाडीतून मुलांना घेऊन जाईल आणि मी रानात थांबेन. वांगी दोन किलो आणायला सांगितली आहेत.