नुसते भाव वाढवून भागणार नाही

नाशिकच्या हॉटेलवाल्यांना सल्ला दिला जातो, ‘परवडत नसेल तर सरळ भाव वाढवा.’ इतकं सोपं नाही हो ते. रेस्टॉरंटला नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के जीएसटी आहे, पण इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदी-खर्चावर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. म्हणजे गाळ्याच्या भाड्यावरचा आणि डिलिव्हरी अ‍ॅपच्या कमिशनवरचा १८ टक्के कर मालकाच्याच अंगावर पडतो. वर १९ किलोच्या व्यावसायिक गॅस सिलिंडरचा भाव दर महिन्याला बदलणार. मिसळ दहा रुपयांनी महाग केली की गिऱ्हाईक शेजारी जातं, आणि नाशकात शेजारी मिसळ असतेच.

माझ्या मते खरी अडचण माणसांची आहे. पहाटे कांदा-खोबरं भाजून वाटण करणारा, तर्रीचा अंदाज असलेला आचारी टिकला तर हॉटेल टिकतं. त्याला राहायला नीट खोली आणि आठवड्याची सुट्टी द्यायलाच हवी.

संधी म्हणाल तर २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. रामकुंड काय, त्र्यंबकेश्वर काय, रीघ लागेल. बिनकांदा-लसणाचं, स्वच्छ, वाजवी जेवण देण्याची तयारी आत्ताच सुरू करा. आणि द्राक्षमळे बघायला येणाऱ्या मुंबईकरांना शेवभाजी-भाकरी वाढा. पास्ता त्यांना घराजवळही मिळतो.