मदत हवी आहे: जुन्या पिकअपची डिझेल टाकी गळतेय, वेल्डिंग करावं की टाकी बदलावी?

प्रश्न (हडपसर)
२००८ ची सवा टनी डिझेल पिकअप. टाकी पत्र्याची, चासीला दोन पट्ट्यांवर टांगलेली. रोज मार्केट यार्डची फेरी. रात्री उभी केली की सकाळी टाकीच्या मागच्या कोपऱ्याखाली तळहाताएवढा डाग. टाकी फुल असली की थेंब भराभर पडतात, काटा पाववर आला की कमी होतात, पण थांबत नाहीत. ड्रेन बोल्ट ओला दिसतो, म्हणून टेफलॉन टेप गुंडाळून पाहिली, फरक नाही. एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, टाकी रिकामी करून वेल्डिंग मारू. दुसरा म्हणतो, वरून एम-सील लावा. टाकी न उतरवता काम होईल का? गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त उभी ठेवता येणार नाही.

प्रतिसाद १
वेल्डिंगला आधी नाही म्हणा, यात माणसं जातात. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. पेटते ती हवेत मिसळलेली वाफ, आणि रिकाम्या टाकीत दोन्ही असतात. ‘डिझेल सहज पेटत नाही’ या भरवशावर राहू नका. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, किमान ३५ अंश सेल्सिअस ठरवलेला आहे. एप्रिलमधली पुण्याची दुपार त्याच्या वर जाते, मग वेल्डिंगने तापलेल्या पत्र्याचं काय बोलायचं. पाण्याने एकदा खळबळून डिझेल जात नाही. ते जोडाच्या घडीत आणि गंजाच्या पापुद्र्याखाली दडतं आणि पत्रा तापला की वाफ होऊन बाहेर येतं. काही जण सायलेन्सरचा धूर आत सोडून वेल्डिंग करतात. तेही नको, कारण आयडलवर चालणाऱ्या डिझेल इंजिनाच्या धुरात ऑक्सिजन भरपूर उरलेला असतो.

आता गळती शोधा. थेंब जिथे पडतो तिथे भोक असेलच असं नाही, डिझेल पट्टीच्या कडेने सरकत सगळ्यात खालच्या टोकाला येतं. टाकी बाहेरून साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, कोरडी पुसा आणि तळाला, पट्ट्यांच्या कडांना, बोल्टभोवती खडूची पूड चोपडा. इंजिन बंद ठेवून अर्धा तास थांबा. पूड जिथे आधी काळवंडेल, तिथून वर शोधत जा. मग इंजिन दहा मिनिटं चालवून पाहा. इंजिन चालू असतानाच गळत असेल तर रिटर्न पाइप, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीत परत आणणारा पाइप, तपासा. फक्त फुल टाकीत किंवा दिवे घाट चढताना गळत असेल तर वरच्या गेज युनिटचं (काट्यासाठी डिझेलची पातळी मोजणारा भाग) पॅकिंग नाहीतर फिलरचा, म्हणजे डिझेल भरायच्या तोंडाचा, होज. तुमचं पाव टाकीलाही थांबत नाही, म्हणजे दोष तळाकडे आहे.

ती टेप काढून टाका. ड्रेन बोल्ट आट्यांवर नाही, वॉशरवर सील होतो. नवा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर घाला. टेपचे तुकडे आत गेले तर जाळीत अडकतात.

प्रतिसाद २
एम-सीलबद्दल. ओल्या पत्र्यावर ते धरतच नाही, आणि तळाचं भोक म्हणजे टाकी पूर्ण रिकामी करणं आलंच. भोक सुईएवढं आणि आजूबाजूचा पत्रा दणकट असेल तर चालतं: भोवती तीन सेंटिमीटर पत्रा ८० नंबर एमरीने चकचकीत करा, थिनरने दोनदा पुसा, दोन्ही भाग समान घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळा, आधी भोकात दाबून बसवा, मग वर तीन-चार मिलिमीटरचा थर. रात्रभर हात लावू नका. सिलिकॉन सीलंट मात्र नको, डिझेलमध्ये ते फुगून सुटतं.

आजच्या रात्रीपुरती कपड्याच्या साबणाची कोरडी वडी गळतीवर घासा. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही. पावसात मात्र धुऊन जाईल. खाली ट्रे ठेवा, सांडलेल्यावर भुसा टाका. रस्त्यावरच्या डिझेलवर मागची दुचाकी घसरते, हे विसरू नका.

प्रश्नकर्ता
पूड लावली. ड्रेन बोल्ट कोरडा, पुढच्या पट्टीची कडा आधी काळी झाली. डिझेल काढून, खाली जॅक आणि फळी देऊन पट्टी सोडली. रबराखाली गंजाचे फोड, दोन भोकं, आणि वीतभर लांबीत ठोकलं तर आवाज बद्द येतो.

प्रतिसाद २
मग एम-सील विसरा, टाकीच बदला. पट्टीखालचं रबर चिखल आणि पाणी धरून ठेवतं, पत्रा तिथेच बाहेरून सडतो. दोन भोकं बुजवलीत तरी महिन्याभरात शेजारी तिसरं पडेल.

पट्ट्या, होज, क्लिप, पॅकिंग नाना पेठेत मिळतील. जुनी टाकी घ्यायची झाली तर टॉर्चने आत बघा, हलवून गंज खुळखुळतो का ऐका. आतून जस्ताचा मुलामा असलेली टाकी घेऊ नका. जस्ताशी डिझेलची क्रिया होऊन साबणासारखा गाळ बनतो आणि तो फिल्टर व नोझल तुंबवतो.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडा. सप्लाय आणि रिटर्न होजना वेगळ्या रंगाची टेप लावा, उलटसुलट बसले तर इंजिन ओढ घेणार नाही. गेज युनिटची दिशा खुणेने नोंदवा, युनिट धरून ठेवणारी रिंग पितळी सळईने ठोकून फिरवा. पॅकिंग नवं, नायट्राइल रबराचं. गेजची अर्थची तार परत लावायला विसरतात आणि मग काटा चुकीचा दाखवतो. नव्या टाकीवर पट्टीच्या जागी रंगाचे दोन हात द्या, कापड किंवा गोणपाट न घालता रबरच घाला. पट्टी टाकी हलणार नाही इतकीच आवळा, जास्त ताणली तर पत्रा दबतो.

डिझेल फिल्टर नवा घाला. फिल्टरवरचा हवा काढायचा ब्लीड स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबले की आवळा. इंजिन कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) असेल तर हाय प्रेशर पाइपचं नट सैल करून हवा काढू नका, त्या दाबाची धार कातडीत घुसते.

आधी फक्त दहा लिटर भरा, पूड चोपडून अर्धा तास पाहा. कोरडी राहिली तर फुल करा आणि उतारावर, आधी तोंड वर, मग तोंड खाली, अशी दोन्हीकडून उभी करून वरचं पॅकिंग तपासा.