घरचा पुढचा प्रकल्प: स्वतःचं इंजिन की खो-खोचा गेम?

रात्रपाळी: सात वर्षं मोबाइल गेम कंपनीत प्रोग्रामर आहे. प्रत्यक्षात काम म्हणजे दुकानाचा पडदा, बक्षिसाच्या पेट्या आणि जाहिरात पाहून मिळणारी नाणी. गेल्या दिवाळीपासून घरी स्वतःचं इंजिन, म्हणजे गेम ज्या सॉफ्टवेअरवर उभा राहतो ते, लिहायला घेतलंय. सध्या त्यातला पडद्यावर चित्र काढणारा भाग, रेंडरर, व्हल्कनमध्ये (ग्राफिक्स चिपला थेट हुकूम देण्याची पद्धत) लिहितोय. नुसता एक रंगीत त्रिकोण दिसायला हजारेक ओळी लागल्या. दिसला तेव्हा रात्री दीड वाजता बायकोला उठवलं. ती म्हणाली, "एवढंच?" आणि झोपली.

दुसरीकडे खो-खोच्या गेमची कल्पना दोन वर्षं वहीत पडून आहे. हाताशी आठवड्याला जेमतेम सहा तास. दोन्ही झेपणार नाही. माझा कल इंजिनकडे आहे. तिथे रोज नवं काही कळतं, गेमप्ले (खेळणाऱ्याच्या हाती येणारा प्रत्यक्ष खेळ) तर दिवसभर करतोच. बोला.

खटपट्या: इंजिनच. सप्टेंबर २०२३ आठवतो का? युनिटीने, म्हणजे पुष्कळ जण वापरतात त्या तयार इंजिनच्या कंपनीने, इन्स्टॉलमागे पैसे घेण्याचं जाहीर केलं आणि लोकांची तंतरली. वर्षभराने निर्णय मागे घेतला, पण दुसऱ्याच्या जागेत घर बांधलं की काय होतं ते कळलं. आणि मेमरी, थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), जीपीयू (ग्राफिक्स चिप) यांच्याशी झटापट केलेला माणूस मुलाखतीत लगेच ओळखू येतो.

नंदीबैल: त्यासाठी इंजिन कशाला लिहायचं? गोदो हे तयार इंजिन एमआयटी परवान्यावर (कोणीही फुकट वापरा, बदला) २०१४ पासून खुलं आहे. उद्या त्यांचं डोकं फिरलं तरी आजचा सोर्स तुझ्याकडेच राहतो.

बॅलाट्रो हा पत्त्यांचा गेम (२०२४) एका माणसाने लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत, लव्ह नावाच्या फुकट फ्रेमवर्कवर केला. रेंडरर कोणाचा, हे खेळणाऱ्यांपैकी कोणी विचारलं का? उलट 'हँडमेड हीरो' ही गेम लिहिण्याची व्हिडिओमालिका बघ. सगळं शून्यापासून लिहिण्याचा संकल्प २०१४ मध्ये सुरू झाला, शेकडो भाग झाले, गेम काही पुरा झाला नाही.

खटपट्या: ते भाग बघून किती जण शिकले ते पण सांगा की. गेम पुरा होणं हा एकच निकष कोणी ठरवला? रियाज करणाऱ्याला कोणी विचारतं का, की कॅसेट कधी काढणार?

नंदीबैल: रियाज सुरांचा करतात हो, तंबोरा घडवण्याचा नाही.

डावखुरा: तंबोऱ्यावरून पुढे चला. "गेमप्ले तर दिवसभर करतोच" हे धागाकर्त्याचं वाक्य मला पटलं नाही. नाण्यांचा हिशोब म्हणजे गेमप्ले नव्हे.

मी शाळेत खो-खो खेळलोय, म्हणून सांगतो. आठ जण पाटीवर आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, एक धावतोय. बसलेल्याने खो मिळायच्या आधी जागा सोडली की फाउल. आता तुमच्या भाषेत बघा. प्लॅटफॉर्मरमध्ये (उड्या मारत पुढे जायचा गेम) बटण थोडं आधी दाबलं तर आपण ते पाचसहा फ्रेम (पडद्यावर झरझर बदलणारी एकेक चित्रं) जपून ठेवतो आणि पाय टेकताच उडी देतो, खेळणारा खूश. इथे तीच दया दाखवली तर खेळाचा नियमच मेला! लवकर उठण्याचा मोह आणि फाउलची भीती, सगळी मजा त्यातच आहे. मग किती फ्रेम माफ करायच्या? दोन? शून्य? याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही, खेळवूनच काढावं लागेल. शिवाय दिशा एकदा घेतली की खांबापर्यंत फिरता येत नाही, म्हणजे कंट्रोलरची स्टिक जरा चुकीकडे झुकली तर काय करायचं, तेही ठरवा. याला तुम्ही शिकणं म्हणत नाही?

रात्रपाळी: हे मी वहीत लिहिलेलंच नाही. वहीत फक्त मैदान आणि कपड्यांचे रंग आहेत. (लाज वाटली.) माझ्या डोक्यात ऑनलाइन दोघांनी खेळायचं होतं.

मोजपट्टी: ऑनलाइन म्हणताय तर ऐका. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. नेटवर्कचा उशीर १०० असेल तर समोरचा तुम्हाला सहा फ्रेम जुना दिसतो, शिवला की नाही यावर भांडणं होणारच. यावर रोलबॅक करतात: समोरच्याचं बटण ओळखून पुढे जायचं, अंदाज चुकला की मागे येऊन पुन्हा चालवायचं. जीजीपीओ हा रोलबॅकचा तयार कोड २०१९ मध्ये खुला झाला, वाचा. पण त्यासाठी सगळी स्थिती जतन करता आली पाहिजे आणि त्याच बटणांना दोन्ही यंत्रांवर हुबेहूब तोच निकाल आला पाहिजे. हे मागाहून घुसवणं म्हणजे भिंती झाल्यावर पाया खणणं. तेव्हा आधी एकाच कीबोर्डवर दोघं बसा, पण लॉजिक पहिल्या दिवसापासून चित्रापासून वेगळं ठेवा.

कागदपत्रे: मधेच बोलतो. नेमणुकीचा करार काढून वाचा. घरी लिहिलेला कोडही कंपनीचा, असं कलम पुष्कळ ठिकाणी असतं.

रात्रपाळी: बापरे. बघतो. बाकी ठरलं: या शनिवारी नुसते आठ चौकोन आणि एक धावणारा. गोदोत.

खटपट्या: चौकोनच काढायचेत तर गोदो कशाला? दोन त्रिकोण जोडले की एक चौकोन. एक त्रिकोण तुझ्याकडे आहेच.

नंदीबैल: झालं. आता चौकोनाला टेक्श्चर, मग फॉन्ट, मग आवाज. भेटू दिवाळीला.