ॲन्जिओग्राफीच्या टेबलावरच स्टेंटला होकार द्यावा का?

पायवाट (सातारा):
मामा ६३ वर्षांचे, रोज पहाटे अजिंक्यतारा. दिवाळीपासून 'चार भिंती' या वाटेवरच्या स्मारकाच्या चढाला छाती जड व्हायची, दोन मिनिटं टेकलं की मोकळी. चार महिने तेवढंच, वाढ नाही. ईसीजी नॉर्मल, स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणून ॲन्जिओग्राफी, म्हणजे नळी घालून हृदयाच्या शिरा बघायची तपासणी. मामा आत टेबलावर, मनगटात नळी. बाहेर मामीच्या हातात कागद. "८० टक्के ब्लॉक आहे, आत्ताच स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळी) टाकून घेऊ, दहा मिनिटांत सांगा." मामीनं माझ्याकडं बघितलं, मी भिंतीकडं. सही झाली.

मामा आज ठणठणीत आहेत. तरी माझं मत असं, की अटॅक नसेल आणि दुखणं फक्त चढालाच, ठरल्यासारखं येत असेल (स्टेबल अंजायना म्हणतात तो), तर माणूस घरी आणावा, ॲन्जिओग्राफीची सीडी दुसऱ्या डॉक्टरला दाखवावी, गोळ्या चालू कराव्यात, मग ठरवावं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' नावाच्या संशोधन-चाचणीत ५,१७९ रुग्ण होते, भारतातलेही. आधी गोळ्या घेणारे आणि लगेच स्टेंट-बायपासकडं गेलेले, यांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही.

कृष्णाकाठ:
मामा गड चढतायत म्हणून हे सुचतंय राव. आमच्या अप्पांना असंच 'गोळ्यांवर बघू' म्हणून घरी आणलं. पंधरा दिवस घेतल्या, मग "बरं वाटतंय की आता." पट्टी देवळीत, अप्पा उसाच्या फडात. दोन महिन्यांनी मध्यरात्री अटॅक. वाचले, पण हृदयाचं पंपिंग कमी झालं ते झालंच. चाचणीतल्या माणसांनी गोळी घेतली का ते बघायला माणसं असतात. अप्पांना कोण विचारणार? त्यापेक्षा एकदाच टोचणं, एकदाच ॲडमिट, एकदाच गाडीभाडं.

पायवाट:
अप्पांचं वाईट वाटलं. पण स्टेंट टाकला की गोळ्या सुटतात हे कुणी सांगितलं? उलट रक्त पातळ ठेवायच्या दोन-दोन गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात. मनानं बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी धरते, आणि तो अटॅक फार वाईट. जो माणूस गोळी घेतच नाही, त्याच्यासाठी स्टेंट जास्त जोखमीचा.

रात्रपाळी (कॅथलॅबमध्ये, म्हणजे ॲन्जिओग्राफी करतात तिथं नर्स, सांगली):
दोघंही दोन वेगळी दुखणी एकत्र करताय. बसल्या जागी दुखतंय, घाम फुटलाय, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जातेय, तिथं सीडी घेऊन फिरायचं नाही. शीर पूर्ण बंद असू शकते, स्नायू मिनिटामिनिटाला मरतो. ईसीजीत शीर बंद झाल्याचं दिसलं आणि दोन तासांच्या आत ॲन्जिओप्लास्टी (फुग्यानं शीर उघडणं) होणार नसेल तर जवळच्याच ठिकाणी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन घेऊन मग पुढं निघायचं. जत-आटपाडीकडचे पेशंट 'पित्त झालंय' म्हणून सोडा पिऊन, रात्र काढून सकाळी येतात. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी जाऊ नका. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते प्रथिन) वाढायला काही तास लागतात, तपासणी पुन्हा करावी लागते.

मामांसारख्या केसमध्ये पायवाट यांचं पटतं, पण अर्धंच. त्या चाचणीत डाव्या मुख्य शिरेचा मोठा ब्लॉक असलेले किंवा पंपिंग फार कमी असलेले घेतलेलेच नव्हते. शिवाय ज्यांना वरचेवर दुखायचं, त्यांना स्टेंटनं आराम जास्त मिळाला, हेही तिथंच दिसलं. रोज गड चढणाऱ्याला तो आराम नको का? दहा मिनिटांच्या सहीचं मात्र मलाही बघवत नाही. आदल्या दिवशीच विचारून ठेवा: ब्लॉक निघाला तर काय करणार, ब्लॉक मध्यम असेल तर शिरेत तार घालून रक्ताचा दाब मोजणार का.

मेडिकलवाला:
गल्ल्यावरून सांगतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपयांची मर्यादा घातली. त्याआधी लाखाच्या पुढं जायचा. लोक स्टेंटच्या किमतीवर तासभर बोलतात आणि ॲटॉर्व्हास्टॅटिनची (कोलेस्टेरॉलच्या गोळीची) पट्टी कापून मागतात, "पाचच द्या." पोटऱ्या दुखतात म्हणून कुणी बंद करतो, डॉक्टरला सांगत नाही. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, पण विचारलं तर ना.

कृष्णाकाठ:
मत तेच आहे माझं. फक्त आत्ता उठून अप्पांची पट्टी मोजली. चार गोळ्या जास्त निघाल्या. विचारलं तर म्हणतात, "एकादशी होती."